कौसाक्काचा ब्रेक

कौसाक्का कुठल्याही गाडीत पाय ठेवायच्या आधी ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारायची, "थांबती का रं नीट?" मग ती सहा आसनी रिक्षा असो, कंपनीची बस असो, नाहीतर पाहुण्यांची नवीकोरी कार असो. भाचीच्या लग्नात तर फुलांनी सजवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरलाही तिनं हेच विचारलं. वरमाईचा चेहरा असा झाला की विचारू नका. "अहो, परवाच शोरूममधून काढलीय!" वरमाई म्हणाली. "काढली असंल की," आक्का म्हणाली, "चालती समदीच, बाई. थांबती का, ते इचारलं मी." मांडवातले लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? पण हा प्रश्न तिच्या तोंडी कुठून आला ते आमच्या अख्ख्या कुरुळी गावाला ठाऊक होतं.

आमच्याकडे जमिनी कंपन्यांना गेल्या तेव्हा कुणी बंगले बांधले, कुणी भाड्याच्या खोल्या काढल्या, कुणी नुसतंच उडवलं. आक्काच्या मालकांनी ट्रक घेतला. त्यांचं म्हणणं, रान गेलं ते गेलं, निदान त्या रानावर उभ्या राहिलेल्या कंपनीचा माल तरी आपण वाहू. पुढे मालक आजारपणात गेले आणि गाडी थोरल्या दत्ताच्या हातात आली. लोखंडाचे ओतीव भाग भरून तो सिन्नरच्या बाजूला जायचा. नाशिक रस्त्याच्या घाटात उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, ही आमच्याकडच्या ड्रायव्हर मंडळींची जुनी खोड. डिझेल वाचतं म्हणे! इंजिनाचा धरबंध सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, जुन्या गाडीचं ब्रेकचं ऑइल उकळतं आणि पॅडल पार खाली जाऊन बसतं. दत्ताचं तेच झालं. त्यानं गाडी डोंगरात घातली म्हणून पुढचे मोटारसायकलवाले वाचले. तो वाचला नाही. फोन तिथल्या हॉटेलवाल्याचा आला होता आणि आक्कानंच तो उचलला होता. तो एवढंच म्हणाला, "मावशी, गाडी थांबलीच नाही हो."

ती गाडी ओढून माझ्या गॅरेजात आणली तेव्हा मला वाटलं, आता ही बाई तिचं तोंडही बघायची नाही. कुठलं काय! दिवसकार्य उरकलं आणि आक्का दारात हजर. मी चहा सांगितला. तिनं तो तसाच थंड होऊ दिला.

"आक्का, विकून टाक," मी म्हणालो. "गिऱ्हाईक मी बघतो."

"विकली तर दुसऱ्या कुनाचं पोरगं बसंल त्यात. त्याला काय आई न्हाई?"

"मग भंगारात घाल."

"अन् खायचं काय? तुझं पाने अन् हातोडं?"

मला राग आला. मी मुळात तापटच, त्यात समोर जळजळीत खरं बोलणारं माणूस आलं की माझं डोकं आणखी फिरतं. "मग करायचं काय, ते तरी सांग!" मी ओरडलो. तशी ती गाडीखाली वाकली, मागच्या चाकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे बदल. संतोष चालवनार हाय गाडी. त्याला मी नको म्हनले, त्यो ऐकत न्हाई, अन् दुसरं काम बी हाताशी न्हाई. मग मला अशी गाडी दे, की बिघडली तर थांबली पायजे. बिघडल्यावर पळती ती गाडी नको मला."

संतोष म्हणजे तिचा धाकटा. भाऊ गेल्यापासून तो घुम्यासारखा झाला होता. आणि आक्का म्हणत होती ती काही वेडगळ मागणी नव्हती. मोठ्या गाड्यांच्या हवेच्या ब्रेकमध्ये नेमकं तेच असतं. मागच्या चाकांपाशी गोल डबे असतात, डब्यात दणकट स्प्रिंग असते आणि हवेच्या दाबानं ती मागे रेटून धरलेली असते. नळी फुटली, टाकी गळली, हवा गेली की स्प्रिंग झेपावते आणि चाकं जागच्या जागी जाम. मी हे तिला चहाची बशी आणि पाना हातात घेऊन समजावलं. ती म्हणाली, "म्हंजी घरातलं मानूस गेलं की दार आपोआप लागतं, तसं." मी म्हणालो, "तसंच समज." पण त्यासाठी मागची चाकं ज्याच्यावर बसतात तो अख्खा एक्सल बदलावा लागणार होता, मोठ्या ट्रकचा, ब्रेकसकट. नवा घ्यायची तिची ऐपत नव्हती. भंगारातूनच काढायचा होता.

तेव्हा कुदळवाडीची भंगाराची गोदामं अजून पाडली नव्हती. आक्का, संतोष आणि मी असे आम्ही तिथं खेटे घालायला लागलो. पत्र्याच्या शेडमागून शेड, कापलेल्या केबिन, चेचलेल्या टाक्या, आणि उन्हात तापलेल्या लोखंडाचा तो वास. एखादा एक्सल मला पसंत पडायचा तर त्याचे दाते गेलेले असायचे. दाते बरे असले तर बाहेरच्या कवचाला बारीक तडा. आक्का पदर खोचून प्रत्येक एक्सलभोवती फिरायची, जशी काही बैलच बघायला आलीय. गोदामवाले वैतागायचे. "अम्मा, इतना देखोगे तो शादी पक्की करोगे क्या?" एक चाचा म्हणाला. आक्काला हिंदी फारसं येत नव्हतं, पण टोमणा कुठल्याही भाषेत कळतोच. ती म्हणाली, "सोयरीकच हाय बाबा. लेक द्यायचाय त्याच्या जिवावर."

शेवटी त्याच चाचाकडे पाहिजे तसा एक्सल मिळाला. मोठ्या गाडीचा, फार न चाललेला, ब्रेकचे ड्रम गुळगुळीत, डबे शाबूत. मी खाली बसून हाताने फिरवून बघितला आणि माझ्या तोंडातून "वा!" निघालं. तोच संतोषनं विचारलं, "चाचा, गाडीत माणूस गेलं होतं का?"

आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारतातच. ज्या गाडीत माणूस गेलं तिचा पार्ट ड्रायव्हर आपल्या गाडीला लावू देत नाहीत. आणि गोदामवाला ठरल्यासारखा "नाही" म्हणतो, विचारणारा ठरल्यासारखा विश्वास ठेवतो. ह्या चाचाला काय झालं कोण जाणे, आक्काकडे बघून त्याला खोटं बोलवेना. "गया था, बेटा," तो म्हणाला. "काळेवाडीचा ड्रायव्हर होता."

संतोष मागे सरला. "नको. चला."

"का नको?"

"आई, मेलेल्या माणसाच्या गाडीचा एक्सल हाय तो! मी न्हाई लावू देणार."

आक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "अन् तू ज्या गाडीत बसनार हायस, तिच्यात कोन गेलंय रं?"

संतोषचा चेहरा रडवेला झाला. मी दुसरीकडे बघायला लागलो. चाचानं उगीच एक पत्रा उचलून दुसरीकडे ठेवला. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं परतलो.

मला वाटलं, विषय मिटला. पण आक्कानं चाचाकडून त्या ड्रायव्हरच्या घरचा पत्ता काढला आणि मला म्हणाली, "चल काळेवाडीला." मी म्हणालो, "आक्का, डोकं ठिकाणावर आहे का? त्या बाईला जाऊन काय विचारणार?" ती म्हणाली, "जे समद्यास्नी इचारते तेच." चाकणच्या बाजारातले निवडक कांदे पिशवीत भरले आणि निघाली. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही, हा तिचा नेम होता.

त्या ड्रायव्हरची बायको एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होती. नुकतीच शिफ्ट संपवून आली होती. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नवऱ्याचा फोटो, त्याला ताजा हार. आम्ही कशासाठी आलो ते ऐकताच ती उसळली. "माणूस गेला, गाडी तोडून विकली, आता त्याच्या लोखंडाची चौकशी करायला दारात आलात? लाज नाही वाटत?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी उठलोच. आक्का मात्र बसून राहिली. म्हणाली, "माझा दत्ता ब्रेक लागला न्हाई म्हनून गेला, बाई. धाकटा आता त्याच गाडीवर बसतोय. मला एवढंच सांग, तुझ्या धन्याची गाडी थांबायची का?"

ती बाई उठली. मग कांद्याची पिशवी उचलून ओट्याखाली ठेवली आणि आमच्याकडे पाठ करूनच बोलायला लागली. "सुट्टीच्या दिवशी पण चाकाखाली पडलेला असायचा तो. मी म्हणायचे, माझ्याकडे कधी बघशील? रस्त्यात शाळेची पोरं आडवी आली म्हणून त्यानं ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, मावशी. पंचनाम्याला आलेले पण हेच म्हणाले. समोरून येणारा कंटेनर थांबला नाही." एवढं बोलून ती वळली आणि आक्काच्या गळ्यात पडली. दोघी अशा रडल्या की शेजारच्या बायका धावत आल्या. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

संतोषला हे सांगितलं तेव्हा तो फक्त म्हणाला, "आणा."

काम सोपं नव्हतं. तो एक्सल मोठ्या गाडीचा, गाडीचा भार झेलणाऱ्या पाट्यांच्या त्याच्यावरच्या बैठका आमच्या गाडीच्या पाट्यांपेक्षा चार बोटं बाहेर. त्या कापून चांगल्या वेल्डरकडून पुन्हा बसवून घेतल्या. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा मधला शाफ्ट लांब होत होता, तो लेथवर आखूड करून तोलून घेतला. इंजिनाला हवा भरणारा कॉम्प्रेसर जोडला, हवेच्या टाक्या टांगल्या, पुढचे ब्रेकही हवेवर घेतले, आणि रीतसर मंजुरी घेऊन गाडी पासिंगला दाखवून आणली. हे सगळं होईपर्यंत आक्का रोज येऊन एका उपड्या डब्यावर बसायची. तिची बडबड चालूच. "पळायला काय रं, म्हस बी पळती." "मिस्त्री, नट आवळताना घरचं भांडान डोक्यात ठिवू नकोस." एकदा वैतागून मी पाना तिच्या हातात दिला. "ये, तूच कर!" तर खरंच पदर खोचून उठली. आम्ही दोघं जे हसलो ते हसलो. दत्ता गेल्यानंतर मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

गाडी रस्त्याला लागली. एका कंत्राटदारानं संतोषला चांगलं काम दिलं, पण अट अशी की माल ठरल्या वेळेलाच पोचला पाहिजे. कंपनीच्या गेटवर उशीर झाला की दुसरी गाडी लावणार. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. कॉम्प्रेसर भंगारातलाच, सकाळी हवा भरायला वेळ घ्यायचा. हवा पुरती भरेपर्यंत चाकं सुटायची नाहीत. एकदा तर गेटच्या तोंडाशी नळीचा जोड सैल झाला, हवा गेली आणि गाडी आडवी जाम झाली. मागच्यांनी आईबहीण काढली. अशा वेळी करायला एक लांब बोल्ट असतो. तो डब्यात घालून फिरवला की स्प्रिंग ओढून धरली जाते आणि चाकं सुटतात. अडलेली गाडी बाजूला घेण्यापुरता तो वापरायचा. पण आमच्याकडे निम्मे ड्रायव्हर तो कायमचाच आवळून ठेवतात. कटकट नको! मग हवा गेली काय, राहिली काय, गाडी अडत नाही. थांबतही नाही.

संतोषला कुणीतरी हाच शहाणपणा शिकवला. "भावा, बोल्ट मारून टाक, सुखी होशील."

आक्काला ते कळलं एका दगडावरून. घरापुढं उताराला गाडी उभी होती आणि संतोषनं चाकाखाली दगड लावला होता. आक्का सडा टाकायला बाहेर आली, दगड बघितला, हातातली बादली खाली ठेवली. हवा सोडून उभी केली की ज्या गाडीचं चाक स्प्रिंगनं जाम होतं तिला दगड कशाला लागतो? तिनं संतोषला झोपेतून उठवून, गाडीसकट माझ्या दारात आणून उभं केलं.

"बग रं खाली," मला म्हणाली.

मी वाकून बघितलं. दोन्ही डब्यांना बोल्ट आवळलेले. माझं टाळकंच सरकलं. "अरे गाढवा," मी संतोषला म्हणालो, "मग हा सगळा उपद्व्याप कशासाठी केला?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला!" तो पहिल्यांदाच ओरडला. "काम गेलं तर घर कोण चालवणार? रोज गेटवर शिव्या मी खातो!"

"खा शिव्या," आक्का म्हणाली. "तुझ्या भावाला बी घाईच व्हती." तिचा आवाज इतका फुटला की रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. "काम गेलं तर मी लोकांची धुनी धुईन. तू गेलास तर मी काय करू रं? सांग की! कुनाच्या दारात जाऊन मागू तुला?"

संतोषनं पाना उचलून माझ्या हातात दिला. मी बोल्ट काढले. आक्कानं ते माझ्या हातातून हिसकावून घेतले, तरातरा गावच्या विहिरीपर्यंत गेली आणि आत टाकून आली. परत आली तेव्हा धापा टाकत होती. छातीला हात लावून म्हणाली, "आता घाल कुठलं घालायचं ते." छातीचं ते दुखणं नंतर वाढतच गेलं आणि त्यातच ती गेली, पण ते पुढचं.

त्यानंतर काही दिवसांनीच, भर दुपारी, ती माझ्या गॅरेजात भाकरी घेऊन आली होती. तिचा फोन वाजला. पडद्यावर संतोषचं नाव. रस्त्यावर असताना तो कधी फोन करायचा नाही. आक्काला घाईत बटणच सापडेना. मीच फोन घेतला आणि आवाज मोठा केला.

"आई," पलीकडून संतोष, मागे हॉर्नचा कल्लोळ. "आई, गाडी हालत नाय."

आक्का फोनकडे वाकली.

"घाटात उतारावर नळी घासून फाटली. पॅडल एकदम पोकळ लागलं. मला वाटलं, गेलो. अन् मागची चाकं एकदम धरली. गाडी जागीच उभी हाय. आई, ऐकतेस ना?"

"परत सांग," आक्का म्हणाली.

"गाडी हालत नाय!"

तिनं भाकरीचं फडकं तिथंच टाकलं. मी नवी नळी आणि दुसऱ्या गाडीचे दोन बोल्ट खिशात टाकले आणि मोटारसायकल काढली. मी म्हणालो, तू घरी जा. ऐकेल तर शपथ. मागं बसली आणि सगळी वाट माझ्या पाठीत बुक्क्या घालत होती, "हळू हाक, मुडद्या!"

घाटात पोचलो तर गाड्यांची रांग लागलेली. ट्रक उताराच्या मधोमध, थोडा तिरका, मागं टायरचे काळे पट्टे. पुढे वळण होतं आणि वळणापलीकडे दरी. संतोष कठड्यावर बसला होता, तोंड पांढरंफटक. त्याच्या फोनवर कंत्राटदार ओरडत होता, आम्हाला लांबूनही ऐकू येत होतं, "दुसरी गाडी पाठवलीय! उद्यापासून येऊ नका!" म्हणजे काम गेलं. घरात दुसरी मिळकत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. आक्कानं पोराच्या हातातून फोन काढून घेतला, बंद केला, आणि त्याच्या तोंडावरून, खांद्यांवरून, गुडघ्यांवरून हात फिरवत राहिली. काही मोडलंय का, ते बघत असावी.

मी चाकाखाली शिरणार, तेवढ्यात वाहतुकीचा हवालदार घामाघूम होत आला. सगळा राग त्यानं आक्कावरच काढला.

"कुणाची गाडी आहे ही? अख्खा घाट अडवलाय! हलवा आधी!"

आक्का उठली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू. तिनं हवालदारापुढे दोन्ही हात जोडले.

"न्हाई हालत हो साहेब," ती म्हणाली. "लोटून बगा, समद्यांनी मिळून लोटा. माझी गाडी न्हाई हालत!"